शेवटून पहिली

"माझ्यासारखा गुप्तहेर शंभर वर्षांत एकदाच जन्माला येतो," असं माझा नवरा म्हणतो. बाकीची नव्व्याण्णव वर्षं नशीबवान. दिवसा तो चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासतो, त्यामुळे इतरांना दिसत नाही ते आपल्याला दिसतं अशी त्याची समजूत आहे. स्वतःचे मोजे त्याला आजवर दिसलेले नाहीत, पण ते असो. मी त्याची सहायक. पगार नाही, सुट्टी नाही, आणि राजीनामा द्यायची सोय नाही.

आमची टिकली पहिलीत आहे. बाईंनी पालकांना सुरुवातीलाच बजावलं होतं: मुलांना फाटकाशी सोडा, दप्तर त्यांचं त्यांना खुंटीला अडकवू द्या आणि खिडकीतून डोकावू नका. यातलं शेवटचं वाक्य सामान्य पालकांसाठी आहे, असं नवऱ्याने ठरवलं. डोकावल्यावर त्याला दिसलं, की मैदानावर जायला वर्गाची रांग लागते आणि टिकली रोज सगळ्यांच्या मागे असते.

"हा कट आहे," तो मला म्हणाला.

"अरे, रांग म्हटली की कुणीतरी शेवटी असणारच ना."

"गुन्हेगारांना तुझ्यासारखीच माणसं हवी असतात."

मग तर्कांना ऊत आला. आधी उंचीवर संशय. टिकलीला दाराच्या चौकटीशी उभं करून मोजलं, तर पोरगी मध्यम निघाली. मग बाईंचा सूड. पालकसभेत याने भर वर्गात त्यांना सांगितलं होतं, की तुमच्या चष्म्याची काच चुकलीय. शेवटी रांगेत पुढे असणारी मुलगी दातांच्या डॉक्टरांची आहे हे कळलं, आणि बाई परवा गाल धरून बसल्या होत्या. "धागे जुळतायत," तो कुजबुजला. घरात आम्ही दोघंच होतो, कुजबुजायची काही गरज नव्हती.

"टिकलीला विचारलंस का?"

"साक्षीदारावर दडपण आणायचं नसतं."

दुसऱ्या दिवशी तो थेट वर्गाच्या दारात जाऊन उभा राहिला आणि न्याय मिळेपर्यंत हलला नाही. बाईंनी टिकलीला पुढे आणलं. स्वारी छाती फुगवून दुकानात गेली.

दुपारी टिकली घरी आली, दप्तर भिरकावलं आणि टेबलाखाली जाऊन रडत बसली. संध्याकाळी हा आला, वाकून पाहिलं आणि म्हणाला, "आनंदाश्रू." मी मात्र टेबलाखाली शिरले आणि काय झालं ते विचारलं. तपासाची ही पद्धत आमच्याकडे अजून कुणी वापरली नव्हती.

"शेवटचा असतो ना, तो दिवा बंद करतो," ती हुंदके देत म्हणाली. "दार पण लावतो. मी बाईंकडे मागून घेतलं होतं ते काम. आता ते डॉक्टरांच्या मुलीला दिलं."

गुप्तहेर खाली बसला, चक्क जमिनीवर. त्याला फार वाईट वाटलं होतं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला त्याची दया आली.

सकाळी तो बाईंकडे गेला. मीही गेले, कारण माफी मागताना तो मधेच नवा तर्क काढतो.

"काम परत हवं असेल तर टिकलीने मागायचं," बाई शांतपणे म्हणाल्या. "आमच्या वर्गात मुलं स्वतः मागतात."

"आणि मी काय करू?"

"तुम्ही दुकान उघडा."

टिकलीने मागितलं. एवढ्या मोठ्या प्रकरणाचा निकाल एका वाक्यात लागला, आणि तिची शेवटची जागा तिला परत मिळाली.

"म्हणजे प्रकरण सुटलं," दुसऱ्या दिवशी फाटकाशी पोचल्यावर नवरा म्हणाला आणि सवयीने खिडकीकडे वळला. टिकलीने त्याचा शर्ट धरला.

"बाबा, सगळे गेले का ते बघणं माझं काम आहे," ती म्हणाली. "आणि तू कधी जातच नाहीस."