डोंगरबंगल्यावरची गुढी

"बारा महिने! पाडव्याला चढणार आणि पाडव्यालाच उतरणार. मधे मला कुणी खाली आणून दाखवावं."

हे वाक्य श्यामकांत टिपणीस यांनी मुलुंडच्या आपल्या इमारतीच्या जिन्यात, चौऱ्याऐंशी सालच्या पाडव्याच्या सकाळी, खांद्यावर वळकटी घेऊन उच्चारलं. माणूस तसा भिडस्त. तीस वर्षं पाणीखात्यात कारकुनी केलेला, साहेबांसमोर खोकतानाही तोंडावर रुमाल धरणारा. पण त्या दिवशी त्यांच्या अंगात काय शिरलं होतं कोण जाणे.

मुलुंडच्या मागच्या डोंगरावर, जंगल जिथं दाट होतं तिथं, खात्याचा एक जुना बंगला आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुणा गोऱ्या इंजिनियरनं बांधलेला. सागवानी खांब, मंगलोरी कौलं, अंगणात साहेबाच्या काळातला झेंड्याचा उंच खांब. बंगल्याच्या एका अंगाला खाली तलाव, दुसऱ्या अंगाला खाली मुलुंड. तिथं राहायचं, रोज तलावाची पातळी बघायची आणि नोंदवहीत लिहायची, एवढंच काम. वीज नाही, टेलिफोन नाही. शेजारी म्हणाल तर माकडं, आणि अधूनमधून बिबळ्या. आजवर तिथं कुणीही एक वर्ष टिकलेलं नव्हतं. दाराच्या चौकटीवर आधीच्यांनी चाकूनं नावं कोरून ठेवली होती. कुणी चार महिने, कुणी एक पावसाळा, आणि एका महाभागानं कोरलं होतं, 'नऊ दिवस. पुरे.'

आता टिपणिसांना हे डोहाळे का लागले? तर जयंती, त्यांची एकुलती एक मुलगी, लग्न होऊन कांदिवलीला गेली. घरात उरले दोघं. दोघांनाही मुलीची आठवण यायची आणि दोघंही ते बोलायचे नाहीत. मग भाजीतल्या मिठावरून बोलायचे. शेवटी एकदा श्यामकांतराव वैतागून म्हणाले, "मला जरा शांतता हवी आहे."

नलिनीबाईंनी पोळी तव्यावर तशीच ठेवली. "तीस वर्षं माझ्याशी संसार केलात आणि आता तुम्हाला शांतता हवी? म्हणजे मी काय पिठाची गिरणी आहे? जा, कुठं मिळते तिथं जा."

"जातोच," म्हणाले हे.

"मी मात्र त्या वाघाच्या आळीत पाऊल टाकणार नाही. सांगून ठेवते."

झालं. शब्दानं शब्द वाढला आणि श्यामकांतरावांचा अर्ज मंजूर होऊन आला. सरकारी खात्यात एरवी पेन्शनीचा कागद हलायला वर्ष लागतं, पण हा अर्ज मात्र चार दिवसांत परत. दुसरं कुणी तयारच नव्हतं ना!

निघताना मात्र नलिनीबाई एकच बोलल्या. "रोज सकाळी त्या खांबावर पांढरी चादर लावत जा. गच्चीतून दिसेल मला. काही झालंच, साप, ताप, काहीही, तर लाल लावा."

"लाल कशाला लागतंय?" ते म्हणाले. पण चादर घेतली.

सुरुवातीचे आठ दिवस झकास गेले. नवव्या दिवशी श्यामकांतरावांच्या लक्षात आलं, की आपण मघापासून मोठ्यानं बोलतोय. "नलू, हा पक्षी बघितलास का गं?" पक्षी उडून गेला आणि ते ओशाळून गप्प बसले. ज्या शांततेसाठी एवढा डोंगर चढून आलो, ती मिळाल्यावर तिचं करायचं काय, हे काही त्यांना सुचेना.

खात्यानं त्यांना एक दुर्बीण दिली होती, तलावातल्या खुणेच्या खांबावरचे आकडे वाचायला. आकडे वाचून झाल्यावर त्यांनी ती सहज मुलुंडकडे वळवली. इमारती, पाण्याच्या टाक्या, आणि आपली गच्ची. गच्चीवर एक हिरवं पातळ. कपाळावर हाताची झापड धरून बरोबर डोंगराकडे बघत उभी असलेली नलिनी! घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

तेव्हापासून रोज नऊ दहाला दुर्बीण मुलुंडकडे वळायची. दर पंधरवड्याला एका रविवारी ते खाली उतरायचे, गरम पाण्यानं अंघोळ करायचे, दोन घास जेवायचे आणि खोटं बोलायचे.

"काय शांतता आहे म्हणून सांगू! स्वर्ग."

"मलाही बाई किती मोकळं मोकळं वाटतं," नलिनीबाई म्हणायच्या. "स्वयंपाकाची कटकट नाही, काही नाही."

आणि असं म्हणत म्हणत त्यांच्या पानात तिसरी पुरणपोळी वाढायच्या. दोघांपैकी एकानं जरी 'पुरे झालं आता' म्हटलं असतं तर वळकटी त्याच दिवशी खाली आली असती. पण आधी म्हणायचं कुणी? टिपणिसांच्या घरात माघार घ्यायची पद्धत नव्हती.

असं करता करता वर्ष सरत आलं. खात्याचा कागद आला: पाडव्याला दुपारी बारा वाजता जीप येईल, 'मुदतवाढ हवी' किंवा 'नको' यावर सही करून द्यावी. कागद आठ दिवस टेबलावर पडून होता. श्यामकांतरावांना उतरायचं होतं. फार उतरायचं होतं. पण शेवटच्या रविवारी नलिनीबाई 'कधी येताय?' असं एकदाही म्हणाल्या नाहीत. मनात आलं, खरंच हिला मोकळं वाटत असेल तर? आपण गेलो आणि हिला अडचण झाली तर? माणूस चौपन्नाव्या वर्षी आपल्याच घरात नकोसा झाला, तर त्यानं जायचं कुठं?

मग त्यांना एक युक्ती सुचली. घरी दर वर्षी गुढी नलिनीबाईच उभारायच्या. हे फक्त नमस्कार करून श्रीखंड खायचे. या खेपेला आपण स्वतः गुढी उभारायची, आणि तीही अशी उंच, की थेट गच्चीतून दिसावी! ती बघेल, तिला गहिवरून येईल, आणि मग ती आपणहून म्हणेल, 'या आता घरी.' त्याच रविवारी त्यांनी ट्रंकेतून नलिनीबाईंचा लग्नातला शालू हळूच काढला आणि पिशवीत तांदळाच्या खाली दडवला.

पाडव्याच्या सकाळी सहाला उठून त्यांनी अंघोळ केली. शालूला चुण्या घातल्या, कडुलिंबाचा डहाळा बांधला, साखरेच्या गाठींची माळ घातली, वर तांब्या पालथा घातला आणि सगळी गुढी दोरीनं साहेबाच्या खांबाच्या टोकापर्यंत चढवली. वारा असा सुटला होता की शालू कसा फडाफडा उडायला लागला. उन्हात झळाळत होता. श्यामकांतरावांनी दोन पावलं मागं जाऊन बघितलं आणि त्यांचा ऊर भरून आला.

तो शालू लालभडक होता, हे तुमच्या लक्षात आलं असेल. त्यांच्या नाही आलं. मराठी माणसाला गुढीचा शालू दिसतो. त्याचा रंग कोण बघतो?

त्यांनी स्टोव्हवर भात ठेवला, दारात स्वस्तिक काढायला वाडग्यात कुंकू कालवून पायरीवर ठेवलं आणि नऊ दहाला दुर्बीण लावली. गच्ची रिकामी. नलिनी नाही. कडेला अर्धवट बांधलेली गुढीची काठी आडवी पडलेली, आणि पाट उलटा. वर्षभरात असं कधी झालं नव्हतं. तेवढ्यात दुर्बीण थोडी खाली आली आणि त्यांना डोंगराचा रस्ता दिसला. त्या रस्त्यावरून त्यांची अख्खी इमारत वर चालली होती. पुढं तळमजल्यावरचे मार्तंड परब, होमगार्डची टोपी घालून. मागं चौघांनी दोन बांबूंना बांधून आणलेली आरामखुर्ची. त्यामागं बायका ताटं बडवत, बिबळ्यानं पळावं म्हणून. सगळे होते. फक्त नलिनी नव्हती.

सणाच्या दिवशी सगळी इमारत डोंगरावर येते आणि नलिनी त्यात नाही, याचा अर्थ काय घ्यायचा? श्यामकांतरावांनी जो घ्यायचा तो घेतला. पायरीवरचा कुंकवाचा वाडगा पाय लागून कलंडला. ते तसेच धावत सुटले. रस्ता वळणावळणाचा, म्हणून सरळ उतरणारी पायवाट धरली. एक चप्पल अंगणातच राहिली, दुसरी करवंदीच्या जाळीत. चौपन्न वर्षांचा कारकून घसरत, आपटत, "नलू, नलू" करत पाऊण तासाची वाट वीस मिनिटांत उतरला.

खाली खात्याच्या फाटकाशी राखणदार दशरथ तंबाखू मळत बसला होता. तो त्यांच्याकडे बघतच राहिला.

"सायेब, तुमी हितं?"

"दशरथ, नलिनी... आमच्या घरी काय झालं?"

"बाय तं वर गेल्या. सगल्यांच्या म्होरं. मी म्हनलं थांबा, लोक येऊ द्या, जनावर हाय. ऐकलंच नाय. हातात झाडू घेऊन पलत गेल्या."

"पण का?"

"का म्हंजे? तुमीच लाल लावलंत ना?" दशरथनं वर बोट केलं.

श्यामकांतरावांनी वर बघितलं. हिरव्या डोंगराच्या माथ्यावर एक लाल ठिपका फडफडत होता. एवढा लाल, की बघेल त्यानं घाबरावं.

ते मटकन दगडावर बसले. आधी हसू आलं, मग रडू आलं. ही बाई संध्याकाळी मांजर आडवं गेलं तरी मागं फिरणारी. ती बिबळ्याच्या जंगलात एकटी शिरली, झाडू घेऊन, दुखऱ्या गुडघ्यांनी, आपल्यासाठी! आणि आपण आठ दिवस बसलो होतो विचार करत, की तिला आपण हवेत की नकोत. दशरथनं पाण्याचा तांब्या दिला. तो घटाघट पिऊन ते अनवाणीच परत चढायला लागले.

वर तोपर्यंत काय झालं ते त्यांना मागाहून कळलं. लोक पोचले तेव्हा नलिनीबाई बंगल्यामागच्या झाडीत हाका मारत फिरत होत्या. दार सताड उघडं, भात करपून घरभर धूर, अंगणात एकच चप्पल आणि पायरीवर लाल ओघळ. मार्तंडरावांनी टोपी काढली. "वाघान न्हेल्यान रे ह्येका," असं म्हणून त्यांनी गळा काढला. मग पोलिसी रीतीप्रमाणे ओघळाला बोट लावून वास घेतला, जिभेवर ठेवलं आणि जरा विचार करून म्हणाले, "ह्यां कुंकू लागतां."

श्यामकांतराव धापा टाकत अंगणात आले तेव्हा सगळी इमारत ओटीवर बसून त्यांचं श्रीखंड संपवत होती.

"अरे खंय होतंस तू?" मार्तंडराव ओरडले. "हंय आमी तुझो तेरावो घालूची तयारी केली!"

"नलिनी कुठाय?"

मार्तंडरावांनी चमच्यानं आत दाखवलं.

नलिनीबाई खुर्चीत बसल्या होत्या. केस विस्कटलेले, पातळाला कुसळं चिकटलेली, झाडू मांडीवर. समोर खात्याची नोंदवही उघडी होती. तारीख, पातळी, पाऊस, शेरा, असे रकाने. शेऱ्याच्या रकान्यात बाकीच्यांनी वर्षानुवर्षं 'काही नाही' लिहिलं होतं. श्यामकांतरावांच्या अक्षरात मात्र रोज एक ओळ होती. नलिनीबाई त्या ओळींवरून बोट फिरवत होत्या.

'नलिनी दिसली. ९.१०.' 'नलिनी दिसली. हिरवं पातळ.' 'धुकं. नलिनी दिसली नाही.' 'धुकं. चौथा दिवस.' 'नलिनी दिसली. छत्री जुनीच वापरते, नवी घ्यायला हवी.'

"आणि हे ऑगस्टातलं?" त्यांनी मान वर न करता विचारलं. "पंचवीस दिवस नुसतं 'नाही, नाही, नाही' लिहिलंय ते?"

"जयंतीच्या बाळंतपणाला तू कांदिवलीला होतीस."

"ठाऊक होतं ना तुम्हाला? मग रोज बघत कशाला होतात?"

"सवय," श्यामकांतराव म्हणाले.

"एक शब्द बोलला असतात तर?"

"तू तरी कुठं बोललीस? मोकळं मोकळं वाटतं म्हणालीस."

"म्हणायचं असतं तसं." नलिनीबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि मग पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं. "पायात काही घातलं नाहीत? रक्त येतंय. बसा आधी. आणि तो माझा शालू उतरवा वरून, मेला कावळा बसलाय त्याच्यावर."

बारा वाजता जीप आली. श्यामकांतरावांनी उत्साहानं पेन काढलं आणि 'नको' वर खूण करायला घेतली. नलिनीबाईंनी त्यांचा हात धरला.

"काय करताय?"

"घरी येतोय तुझ्याबरोबर. गरम पाणी, पुरणपोळी..."

"तुम्ही जा हवं तर. मी नाही उतरत." त्यांनी दोन्ही गुडघे दाबून बघितले. "ते लाल बघून चढले मी. उतरायला तेवढंच मोठं कारण लागेल. आणि इथं बरं वाटतंय मला. बघा ना, आपली गच्ची इथून किती एवढीशी दिसते. मार्तंडभाऊ, माझी ट्रंक उद्या वर पाठवाल का? आणि पोळपाट."

अशा रीतीनं, ज्या माणसाला बारा महिने उतरायचं होतं, त्यानं आणखी बारा महिन्यांवर सही केली. रिकाम्या आरामखुर्चीत बसून मार्तंडराव खाली गेले. आणलीच आहे तर वाया कशाला घालवायची, असं त्यांचं म्हणणं.

महिन्याभरानं खात्याचं पत्र आलं. गतवर्षीची नोंदवही तपासली असता शेऱ्याच्या रकान्यात 'नलिनी' दिसल्याच्या वा न दिसल्याच्या नोंदी वारंवार आढळतात. सदर नलिनी हा प्राणी कोणत्या जातीचा, तो उपद्रवी आहे काय, आणि त्याबाबत वनखात्यास कळवलं होतं काय, याचा खुलासा सात दिवसांत करावा.

तीस वर्षांच्या नोकरीत श्यामकांतरावांकडे कधी खुलासा मागितला गेला नव्हता. ते दोन तास कागद घेऊन बसले आणि 'महोदय' च्या पुढं जाईनात. शेवटी नलिनीबाईंनी पिठाचे हात पुसले, पेन ओढून घेतलं आणि दोन ओळी लिहून टाकल्या.

'सदर नलिनी पाडव्यापासून बंगल्यातच मुक्कामी आहे. ती दिसण्यास आता दुर्बिणीची गरज उरली नसल्यानं दुर्बीण सोबत परत पाठवत आहोत.'

श्यामकांतरावांनी खाली सही केली. तलावाची पातळी आता कशानं वाचायची, हे दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या लक्षात आलं.