भिंतीला टेकू नका

जयमालाबाईंनी चौलच्या शाळेत उभा जन्म इंग्रजी शिकवलं. त्यामुळे मतदान-जागृतीसाठी शाळेच्या भिंतीवर इंग्रजी वाक्य रंगवायचं ठरलं, तेव्हा विनेश पेंटरने बाईंनाच फोन लावला.

"लिही, 'ॲन इलेक्टर बिल्ड्स द नेशन.' आधी ॲन हं, नुसतं अ नाही!"

विनेशने खडूने वाक्य आखून 'ॲन' रंगवलं, तोच मुख्याध्यापक सिद्धेश सर आले. "इलेक्टर कोणाला कळणार रे? व्होटर कर."

विनेशने व्होटर केलं. 'ॲन' मात्र तसंच राहिलं. वाक्याखाली त्याने आदराने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मार्गदर्शन : जयमालाबाई', आणि डबे उचलून माणगावच्या कामावर गेला.

संध्याकाळी बाईंनी भिंत पाहिली आणि त्यांच्या पायाखालची वाळू सरकली. 'ॲन व्होटर'! याच चुकीसाठी त्यांनी अर्धं गाव बाकावर उभं केलं होतं. त्यात भिंत पाहायला बाहेरच्या राज्यातले निवडणुकीचे मोठे साहेब निघालेले!

बाई घरून घासलेटचा बोळा घेऊन आल्या, तर भिंतीशी गप्पांची रोजची बैठक भरलेली. त्यांचा जुना विद्यार्थी भिकू नेमका 'ॲन'मधल्या 'एन'ला पाठ लावून बसला होता. 'ओला रंग' लिहिलेला पुठ्ठा त्याने बुडाखाली घेतला होता.

"भिकू, किती वर्षं सांगतेय, भिंतीला टेकू नका! डोक्याच्या तेलाचे डाग पडतात."

"बाई, डोक्याव केस न्हाय, तेल कुठं लावू?"

सगळे हसले. एवढ्या माणसांदेखत आपलीच चूक पुसायची कशी? बाईंनी बोळा पदराआड लपवला. तेवढ्यात सिद्धेश सरांना घेऊन साहेबांची गाडी आली. मंडळी अदबीने उठली. बाईंनी डोळे घट्ट मिटले.

"अ व्होटर... बिल्ड्स... द नेशन. वाह!"

बाईंनी एक डोळा उघडला. 'एन' गायब! तिथे नुसता निळा फराटा.

"और ये नीला क्या है?"

"समुंदर की लहर है, साहब," सिद्धेश सरांनी ठोकून दिलं.

साहेब खूश होऊन गेले. भिकू वळला. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर 'एन' उलटा होऊन बसला होता. बाईंचा जीव भांड्यात पडला.

"भिकू, सदरा दे. मी धुऊन देते."

"आन् टेकायचं काय, बाई?"

"टेक रे बाबा, खुशाल टेक," बाई म्हणाल्या. "फक्त जरा सरकून. तिथं माझं नाव आहे."