जगतापआबांची वानगी

आमच्या घरांच्या रांगेत नळावर दोन बायकांचं भांडण लागलं की जगतापआबा सोडवायला जात नसत. ओट्यावर बसून ते त्या भांडणातले फ्लॅशबॅक मोजत. "तिसरा फ्लॅशबॅक झाला, वहिनी," ते मोठ्यांदा सांगत, "आता आजच्या बादलीवर या!" मग दोघी एक होऊन आबांवर तुटून पडत आणि भांडण मिटे.

आबा मूळचे कोरेगावकडचे. कोपरखैरण्याच्या बैठ्या घरांत आमच्या भिंतीला भिंत लावून एकटे राहत. बायको वारलेली, एकुलती एक मुलगी शालन लग्न होऊन गावाकडे. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात ते माथाडी होते, पाठीवर गोणी वाहायचे. शिक्षण चौथीपर्यंत. अशा माणसाच्या तोंडी सिनेमा-समीक्षेतले शब्द घालण्याचं पाप माझं, असं सगळी रांग म्हणे, आणि मलाही तसंच वाटे.

नव्वदीच्या दशकातली मधली वर्षं ती. मी बेलापूरला एका कचेरीत टायपिस्ट होते आणि बाहेरून एम.ए. करत होते. 'साहित्य आणि चित्रपट' या पेपरात एकदा आपटलेही होते. व्याख्या तोंडपाठ असायच्या, पण 'उदाहरण द्या' आलं की पेन थांबायचं. वडिलांनी निर्वाणीचं सांगितलं, "या खेपेला नापास झालीस तर पुस्तकं बंद. स्थळं बघायची." भिंत पातळ होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आबा आमच्या ओट्यावर हजर.

"मास्तरीण, काय पाठ करतीस ते मला शिकव."

मला हसू आलं. तरी मी क्लोजअपची व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली. आबांनी तळहात पुढे केला. "वानगी?"

बाजारात गोणीचं तोंड सोडून चार कांदे हातावर घेतल्याशिवाय कुणी भाव बोलत नाही. आबांना शब्दही तसाच लागे. वानगी नसेल तर शब्द परत! मला सापडली नाही की ते स्वतः शोधून आणत. "व्यापारी एकच चांगला कांदा गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोर धरतो का न्हाई? मागची सडकी गोण दिसूच देत न्हाई. त्यो क्लोजअप." एकदा शेजारचे पवार नवा शर्ट घालून ऐटीत निघाले होते आणि कॉलरमागे किमतीची चिठ्ठी लोंबत होती. त्यांना थांबवायचं सोडून आबा मला हाका मारत आले, "मास्तरीण, पळ! नाट्यात्म उपरोध चाललाय! आपल्याला दिसतंय, त्याला न्हाई!" पवार पुढे महिनाभर आबांशी बोलले नाहीत.

रोज येताना ते एका चिठोऱ्यावर पेन्सिलीने एक नवा शब्द लिहून आणत. कुठून आणला विचारलं की म्हणत, "बाजारात ऐकला." कांद्याच्या लिलावात 'निवेदक' आणि 'प्रतिमा' कोण बोलतं, हे विचारायला मला वेळ नव्हता. परीक्षा तोंडावर आली होती.

अडला तो फक्त मोंताज. दोन वेगळी दृश्यं शेजारी ठेवायची, म्हणजे दोन्हींत नसलेला तिसरा अर्थ निघतो, हे आबांना पटलं. मी पुस्तकातलं उदाहरण दिलं, तर म्हणाले, "ही दुसऱ्याच्या गोणीतली." स्वतःची काही त्यांना मिळेना.

पेपरात मी क्लोजअपखाली बेधडक आबांचा कांदा लिहिला. परीक्षकांना तो आवडला असावा. मी पास झाले. आज मी कॉलेजात शिकवते, आणि कुणी नुसती व्याख्या म्हणून दाखवली की माझा तळहात आपोआप पुढे होतो. हा हात आबांनी दिलाय, आणि त्यांचे उपकार मी वर्गात उघड सांगते.

निकालाच्या दिवशी पेढे घेऊन गेले, तर आबांनी ट्रंकेतून एक वही काढली. कव्हरवर नाव शालनचं. आत शब्दांची यादी होती. आबांनी मला विचारलेले सगळे शब्द, अगदी त्याच क्रमाने. शेवटचा मोंताज. पुढची पानं कोरी.

"बी.ए.ला तिचा हाच विषय होता," आबा म्हणाले. "चांगलं स्थळ आलं आन् मी कॉलेजातनं नाव काढलं. ही वही हातातनं ओढून घेतली. चार वर्सं झाली. मी गेलो तर चा देती, बोलत न्हाई." मग वही बंद करत म्हणाले, "काय बंद केलं, ते तरी कळावं म्हटलं."

"ही वही तिला नेऊन द्या, आबा," मी म्हणाले. त्याच शनिवारी आबा एस.टी.ने गेले. सोमवारी परतले ते थेट आमच्या ओट्यावर.

"वही चाळली तिनं. मग म्हणाली, आबा, मोंताज म्हंजे काय, सांगा."

"सांगितलंत?"

"सांगितलं. तर म्हणाली, उदाहरण द्या." आबांनी दोन्ही तळहात शेजारी शेजारी धरले. "म्हटलं, एका शॉटात तुझं कॉलेजचं दप्तर. शेजारच्या शॉटात तुझ्या लग्नाचा मांडव."

"आणि तिसरा अर्थ?"

"माझी चूक."

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मग, पास केलं का तिनं?"

आबांनी टोपी काढून गुडघ्यावर झटकली.

"रिझल्ट राखून ठेवलाय," ते म्हणाले. "पण दिवाळीला येते म्हणाली."