बाथरूमची कडी

त्या दिवशी मी ठरवलं, आज आंघोळ कडी लावून करायची.

बस, एवढंच! (रेल्वेत छत्तीस वर्षं हेडक्लार्की केलेल्या माणसानं आता आंघोळीची परवानगी मागायची काय?) पण खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून आमच्या रायपूरच्या बुढापाऱ्यातल्या घरी माझ्या देहाचा चार्ज देखभालीले ठेवलेल्या छत्तीसगढी अंजनाबाईकडे आहे. मले उठवते ती, चालवते ती, आन् मी आंघोळीले बसलो की दार अर्धं उघडं ठेवून पाठ करून उभी राहते. बाई मायाळू आहे हो, पण मले लाज वाटते. मेल्याहून मेल्यासारखं होते.

मुलगा जयंत नव्या रायपुरात साहेब आहे. सकाळी निघताना म्हणे, "बाबा, एकदा जरी पडले तं कडी काढून टाकीन. अकरा वाजता सुतार येऊन राहिला, धरायचा दांडा बसवायले."

"काहून? मी काय लहान पोट्टा आहो?"

"पोट्टा असते तं ऐकलं असतं."

मंग काय! अंजनाबाई भाजी चिरायले गेली तसा मी वॉकर घेऊन आत शिरलो. कडी लावली. टॉवेल दाराच्या खुंटीवर टांगला. स्टुलावर बसून राजासारखे दोन तांबे घेतले, आन् साबण सटकला. साबणामागे हात गेला, हातामागे मी.

हाड शाबूत होतं, पण उठता येईना. पाय बधिर होऊन राहिला. पडलो म्हणावं तं कडी जाते. न म्हणावं तं मी जातो!

तेवढ्यात खोलीच्या दारातून अंजनाबाईचा आवाज आला, "बाबूजी, होगे का?" (म्हणजे, झालं का?)

एरवी मी तिच्याशी हिंदी बोलतो. पण घाबरला की माणूस मायबोलीतच घाबरते. त्यातही 'पडलो' हा शब्द टाळून मी मोठ्या इभ्रतीनं सांगितलं, "अंजनाबाई, मी खाली आहे!"

"हव बाबूजी! खाली हे!" मंग कोणाले तरी म्हणे, "आ जा धर्मपाल भैया, बाथरूम खाली हे."

"अवो बाई, खाली आहे म्हणतो ना!"

"हव, हव, समझ गेंव!"

दार हललं.

"दीदी, ये तो जाम है," सुतार म्हणे. "पानी से फूल गया होगा।"

"त जोर लगा।"

आता ओरडावं तं मी असा दिगंबर, आन् टॉवेल दारावर. दोन मिनिटांत उठतोच म्हणून गप्प राहिलो. (चुकलं. मान्य आहे.) खडखड पहार लागली तसा बोंबललो, "थांबा! मी आहे आत!" पण त्या खडखडाटात कोण ऐकते? पीव्हीसीचं दार चौकटीसकट उखडून बाहेर गेलं. सोबत टॉवेलही गेला.

मी तांबा पुढे धरला. तांबा लहान होता.

सगळ्यात आधी अंजनाबाईनं काय केलं असेल? धर्मपालले धक्का देऊन खोलीबाहेर काढलं. मंग डोळे गच्च मिटून, चाचपडत टॉवेल माझ्या अंगावर टाकला. "मैं कुछू नइ देखे हँव, बाबूजी," म्हणे. मले रडू आलं. साबण गेला डोळ्यात, असं मी सांगितलं.

संध्याकाळी जयंतनं पाहणी केली. कडी आतून लागलेलीच होती, एक स्क्रूही ढिला नाही. फक्त दार नव्हतं. नवं दार यायले पंधरा दिवस लागतात, तोवर मोठ्या मोठ्या बदकांचा पडदा.

आता आंघोळीच्या वेळी अंजनाबाई पडद्याबाहेर उभी राहून तोंडानंच म्हणते, "टक टक."

मी आतून कडक आवाजात सांगतो, "कडी लगी है!"

"हव बाबूजी," म्हणते, आन् पाठ घासायले आत येते.