सुभानराव घोरतळे यांच्या रणभैरवी बंदुकीची हकिकत

श्री विघ्नहर्त्यास नमन, वाग्देवीस नमन, आणि ज्या अग्नीने बंदुकीची बत्ती पेटते व ज्या अग्नीने भाकरीही भाजते त्या अग्नीस दोन वेळां नमन करोन मजकूर लिहिला जातो ऐसाजे. शके सतराशे दोन, शार्वरी नाम संवत्सरे, या राज्यामध्ये ऐसे बंदूकवान जाहले की तैसे पूर्वी जाहले नाहीत, पुढे होणे नाही, आणि त्यांच्या बंदुकांचे नाव ऐकोन नवखंड पृथ्वी थरथर कांपे. शेजारील राज्य मात्र कांपत नव्हते, कारण त्यांस काही ऐकूच आले नव्हते. या बंदूकवानांनी बार म्हणोन कधी काढिलाच नव्हता.

त्यांत मुख्य सुभानराव घोरतळे. अंगाने थोर, मिशांनी त्याहून थोर, आणि त्यांची बंदूक रणभैरवी ही मिशांहूनही थोर. नळी पोलादी, तिजवर पाण्याच्या लाटा उठाव्या तैसे जौहर. दस्ता शिसवी, तो सुभानरावांच्या गालाचा मेणाचा ठसा घेऊन त्या मापाने कोरिलेला, आणि मग गाल पुढे सुटला म्हणोन पुन्हा खरवडिलेला. नळीच्या उजवे अंगास रुप्याची मृगया, म्हणजे पुढे हरीण व मागे खासा सुभानराव. डावे अंगास सोन्याच्या तारेने खाशांचे नाव व त्यापुढे "महाशूर" हे पद. आणि बुडाशी झांकण म्हणोन रुप्याचा मोर. रोज तिसरे प्रहरी सुभानरावांच्या ओसरीवर मंडळ बसे आणि रणभैरवीस गादीवर निजवून तिजविषयी बोलणे चाले. दाजीबा पानवलकर दारूचे जाणते. बाजारची दारू ते शिवत नसत, सोरा, गंधक, कोळसा आपले हाते कुटोन, वस्त्रगाळ करोन, जिभेस लावोन पाहात आणि डोळे मिटोन म्हणत, "अंमळ उग्र आहे. पुन्हा कुटावी." कोळसा तुरीच्या काटक्यांचा की रुईचा या वादात त्यांचे सोयरिकीचे घर तुटले, परंतु तूर सोडिली नाही. निळोपंत केसकर गोळीचे जाणते. शिसे वितळवून साच्यात गोळी ओतावी, सोनाराच्या काट्यावर तोलावी, गुंजेचाही फरक पडला तर पुन्हा वितळवावी. जी गोळी मनास उतरे ती मखमलीच्या डबीत कापसावर निजवीत आणि थंडीचे दिवसांत डबीवर शालजोडी घालीत.

बार न काढण्याचे कारण मंडळाने ठरविले होते ते ऐसे की, बार काढिला असता नळी मळते. पूर्वी मंडळात सर्जेराव ढवण म्हणोन एक असत. ते एकदा उसात शिरलेल्या डुकरावर बंदूक चालवून बसले, आणि डुक्कर पडले. तेव्हापासोन मंडळात त्यांचे नाव "वापरणारे सर्जेराव" ऐसे पडले आणि त्यांस पायरीवर बसविले जाई. "माणूस चांगला," निळोपंत हळूच म्हणत, "पण बंदूक वापरतो."

ऐसे चालले असतां राज्यातील लोखंड सारे नळ्यांकडे गेले, शिसे गोळ्यांकडे गेले, गंधक दारूकडे गेले. वैद्यांस मलमापुरते गंधक मिळेना, म्हणोन राज्य खाजवो लागले. आणि लोखंड नाही म्हणोन चुलीची फुंकणी मिळेनाशी जाहली, जुन्या होत्या त्या झिजल्या, आणि घरोघर बायका चुलीपुढे ओणव्या होऊन तोंडानेच फुंको लागल्या. सुभानरावांचे कुटुंब गुणवंताबाई यांचे डोळे बाराही महिने तांबडे. ओसरीवरील पाहुणे म्हणत, बाई फार हळव्या आहेत. येथपर्यंत कोणाची तक्रार नव्हती. मग एके दिवशी खाशा मुदपाकखान्यात चूल धरीना, आणि महाराजांच्या खिचडीस धुराचा वास आला. महाराजांनी एक घास घेतला, दुसरा घेतला, आणि ताट सारोन विचारिले, "लोखंड कोठे जाते?" कारभारी म्हणाले, "मंडळात." हुकूम सुटला की, दसऱ्यास शेजारील राज्याचे वकील येणार, त्यांजपुढे मंडळातील प्रत्येकाने शिलंगणाचे मैदानी एकेक बार काढावा, ज्याची बंदूक वाजेल त्याची त्यास राहील, जी वाजणार नाही ती नळ्या घडविणाऱ्या उस्तादाकडे देऊन तिच्या फुंकण्या कराव्या.

मंडळात हाहाकार जाहला. दाजीबा म्हणाले, "नळी मळेल." निळोपंत म्हणाले, "गोळी जाईल, ती परत येणार आहे काय?" सुभानराव मात्र मिशीवर हात फिरवून बोलिले, "रणभैरवी वाजली तर वकिलाचे पागोटे त्याच्या राज्यात जाऊन पडेल," आणि आत जाऊन तालीम करावी म्हणोन त्यांनी तिच्या बुडाचा रुप्याचा मोर प्रथमच उचलिला. मोराखाली कान असावयाचा. कान म्हणजे नळीच्या अंगास बत्ती लावावयाचे बारीक छिद्र. तेथे रंजक म्हणोन चिमूटभर दारू घालावी, बत्ती टेकावी, आग आत जाते आणि बार होतो. सुभानरावांनी बोट फिरविले, नख फिरविले, चाळशी लावोन पाहिले. लोखंड आरशासारखे साफ. छिद्र नव्हते. मिशा खाली आल्या, ऐशा त्या प्रथमच आल्या.

तडक उस्ताद फत्तू यांजकडे गेले. त्यांनीच नळी घडविली होती. "उस्ताद, हिचा कान?" उस्ताद हातोडी ठेवोन म्हणाले, "ते मीच विचारणार होतो, सरकार. उजवीकडे पाडू की डावीकडे, ऐसे तेव्हा विचारिले होते. आपण म्हणालात, मंडळात ठरवून कळवितो. मी वाट पाहातो आहे." सुभानरावांस तेव्हा आठवले. दाजीबा उजवीकडे म्हणत होते, निळोपंत डावीकडे, वाद रंगला होता, मध्ये गौरी-गणपती आले, मग दिवाळी आली, मग दस्त्याचा विषय निघाला. "मोर मात्र वेळेवर बसविला," उस्ताद म्हणाले. "घटकेचे काम आहे. सांगा कोठे." आणि भोक पाडावयाचा सामता उचलोन नळीच्या उजवे अंगास टेकिला. तेथे रुप्याचा खासा सुभानराव धावत होता, सामत्याचे टोक नेमके त्याच्या पोटावर. "थांब!" सुभानराव ओरडले. मग उस्तादांनी नळी फिरवून डावे अंगास टेकिला. तेथे "महाशूर". "थांब, थांब!" "मग हरणात पाडू?" "हरीण गेले तर मी कोणामागे धावतो आहे ऐसे लोकांस वाटेल?" उस्तादांनी सामता खाली ठेविला आणि पान लाविले.

मग सुभानराव मंडळात आले आणि सहज विचारावे तैसे बोलिले, "समजा, एखाद्याच्या बंदुकीस कान पाडावयाचा असेल, तर आजच्या आज पाडावयाचा तर, कोणीकडे पाडावा?" ऐसा विषय पुष्कळ दिवसांत निघाला नव्हता. दाजीबांनी पाय सैल सोडिले. "उजवीकडे. यात बोलण्यासारखे आहेच काय?" निळोपंत म्हणाले, "उजवीकडे पाडोन ठिणगी डोळ्यात घ्यावयाची?" "डोळा मिटावा." "मग नेम कोण धरणार, तुमचे व्याही?" "व्याह्यांचे नाव काढू नका!" "दाजीबा, तुम्ही तुरीपायी पोरीचे लग्न मोडिलेत—" "रुईच्या कोळशाच्या घरी पोर देऊ काय?" सुभानराव हात जोडोन म्हणाले, "काहीएक सांगा. वर सांगा, खाली सांगा." तेव्हा दोघांनी मिळोन त्यांजकडे ऐसे पाहिले की जैसे त्यांनी बंदूक वापरण्याची गोष्ट काढिली. पायरीवरोन सर्जेराव म्हणाले, "ज्या बाजूस हात पोचतो त्या बाजूस पाडावा." कोणी लक्ष दिले नाही. वाद दिवेलागणीपर्यंत चालिला, सर्वांस फार बरे वाटले, आणि ठरले काही नाही.

घरात गुणवंताबाई चुलीपुढे ओणव्या होत्या. फूं फूं करीत होत्या आणि डोळ्यांस पदर लावीत होत्या. सुभानराव उंबऱ्यावर बसले आणि म्हणाले, "रणभैरवीस कान नाही." बाई म्हणाल्या, "ठाऊक आहे." "ठाऊक आहे? कसे?" "दर दसऱ्यास पूजेला पुसते कोण? मोर उचलोन मीच पुसते. इकडून उचलणे होते कधी?" "मग सांगितले का नाही?" बाईंनी एक काटकी आत सारिली. "म्हटले, एवढी शहाणी मंडळी रोज तिच्याभोवती बसतात, लिंबू-सरबत पितात, त्यांनी ठरवूनच ठेविला नसेल." मग बाई किंचित नरम होऊन म्हणाल्या, "नावातून पाडावा म्हणते मी. नाव काय, पुन्हा लिहिता येते." "अहो, महाशूराच्या मधोमध भोक?" "बंदूक तरी राहील घरात." "आणि न पाडिला तर?" बाई चुलीकडे वळोन म्हणाल्या, "तर मला फुंकणी होईल. माझे दोन्हीकडून बरेच आहे." दुसरे दिवशी सुभानराव रणभैरवी घेऊन पुन्हा उस्तादांकडे जावयास निघाले, वाटेत रणभैरवीच्या नावावर ऊन पडले, ते सोने ऐसे झळकले की पाय पुढे पडेनात, आणि मग परत आले.

दसरा उजाडला. मैदानी लोक लोटले, महाराज छत्राखाली बसले, शेजारील राज्याचे वकील कानांत कापसाचे बोळे घालोन बसले, आणि दूर खांबावर कोहळा टांगिला. प्रथम सर्जेराव आले. बंदूक सुतळीने बांधिलेली. ठो! कोहळा फुटोन बिया वकिलांच्या मांडीवर आल्या. लोकांनी गर्जना केली. मंडळाने माना फिरविल्या आणि निळोपंत म्हणाले, "नळी बघा, नळी. मळली." मग दाजीबा आले. त्यांनी दारू ऐसी वस्त्रगाळ केली होती आणि उग्रपणा जावा म्हणोन तीत ऐसा काही कापूर घातला होता की, बत्ती लाविताच फुस्स ऐसा शब्द होऊन निळसर धूर निघाला आणि मैदानभर देवळातल्यासारखा वास सुटला. पुढे बसलेल्या दोघी म्हाताऱ्यांनी हात जोडिले. मग निळोपंत आले. डबी उघडिली, गोळी निवडिली, नळीच्या तोंडाशी धरिली. गोळी आत जाईना. गजाने ठोकिली, जाईना. महाराजांनी विचारिले, "काय जाहले?" निळोपंत ताठ उभे राहोन म्हणाले, "गोळी बरोबर आहे, महाराज. बंदूक चुकली आहे."

मग सुभानरावांस पुकारिले. रणभैरवी खांद्यावर घेऊन ते चालिले तेव्हा जौहर चमकला, मोर चमकला, लोक श्वास धरोन राहिले आणि वकिलांनी बोळे आणखी आत सारिले. सुभानरावांचे मनात आले की येथेच धरणी दुभंगावी, परंतु धरणी त्या दिवशी घट्ट होती. ते मुजरा करोन बोलिले, "महाराज, ही रणभैरवी. ही कोहळ्यावर चालवावयाची चीज नव्हे. शत्रू दाखवा." महाराज म्हणाले, "कोहळा आता उरलाच नाही. आभाळात काढा." "आभाळाने काय केले, महाराज?" "सुभानराव, बार." मग सुभानरावांनी मोर उचलिला, खाली पाहिले, वर पाहिले, जेथे बायका बसल्या होत्या तिकडे पाहिले, आणि मिशांसुद्धा खाली वाकोन म्हणाले, "महाराज, हिचा कान पाडावयाचा राहिला. कोणीकडे पाडावा हे ठरले नाही."

महाराजांनी तोंड उघडिले, तोच दाजीबा धुरातून ओरडले, "मी तेव्हाच म्हणालो होतो, उजवीकडे!" "डावीकडे!" निळोपंत तेथूनच ओरडले, गोळी हातात. "ठिणगी!" "नेम!" "व्याही!" आणि दोघे धावत महाराजांपुढे येऊन रणभैरवीस दोन्हीकडोन धरोन आपापली बाजू दाखवू लागले. गडबड काय म्हणोन वकिलांनी बोळे काढिले, मजकूर समजोन घेतला, हळूच बैठक पुढे सरकविली आणि म्हणाले, "आमचेकडे वरून पाडतात." मग मंडळाने वकिलांस मध्ये घेतले, बसावयास दिले आणि दाजीबा त्यांचा हात धरोन म्हणाले, "आपण आधी का आला नाहीत?" सुभानरावांसही राहवेना. "वरून पाडिला तर पावसाचे पाणी?" ऐसे म्हणत तेही खाली बसले, आणि बंदूक जावयाची आहे हे काही काळ विसरले. महाराज उठले. "आम्हांस भूक लागली आहे," ऐसे कारभाऱ्यांस बोलिले आणि स्वारी वाड्यात गेली.

इत्यर्थ ऐसा. सर्जेरावांची बंदूक त्यांस राहिली, आणि वापरणारे म्हणोन ते आजही पायरीवर बसतात. बाकी बंदुका हुकुमाप्रमाणे उस्ताद फत्तूंकडे गेल्या. रणभैरवीचे बुड कापोन उरल्या नळीच्या दोन फुंकण्या जाहल्या. एक खाशा मुदपाकखान्यात गेली, ती हरणाची, आणि नावाची गुणवंताबाईंनी मागोन घेतली. मंडळ पूर्ववत तिसरे प्रहरी बसते, गादी रिकामी असते, वकिलांचे पत्र दर पंधरवड्यास येते आणि कानाचा निर्णय व्हावयाचा आहे. सदरहू फुंकणीस बाजूने कोठेही छिद्र नसल्याकारणे वारा गळत नाही व चूल एका फुंकरीत पेटते.