शंभर नंबरचं पिल्लू

एका जंगलात एक भलंमोठं इस्पितळ होतं. जंगलात इस्पितळ कसं, असं विचारू नका, मुलांनो. तुमच्या गावात नाही म्हणून जंगलातही नसावं, हा कुठला न्याय?

इस्पितळात पिल्लांसाठी तातडीचा विभाग होता. तातडीचा असल्यामुळे तिथे बसायला भरपूर बाकं होती. विभागाचे प्रमुख होते बगळे डॉक्टर. पांढरेशुभ्र, एका पायावर उभे, डोळे अर्धे मिटलेले. प्राणी म्हणत, डॉक्टरांचं ध्यान लागलंय. काही वाईट प्राणी वेगळंही म्हणत. पण वाईट प्राणी सगळीकडेच असतात.

डॉक्टरांकडे एक्स-रेचं नवंकोरं यंत्र होतं. पिल्लू समोर ठेवलं की हाड न् हाड दिसे, आणि डॉक्टर ती हाडं पोथी वाचावी तशी वाचत. हे पडून मोडलं. हे पिळून मोडलं. हे कालचं, हे महिन्यापूर्वीचं. कोणी मारलं, कधी मारलं, याचा अंदाज हाडावरून बांधता येतो असं त्यांचं संशोधन होतं. "प्राणी खोटं बोलतात, हाड खोटं बोलत नाही," असं ते प्रत्येक भाषणात सांगत. प्राणी टाळ्या वाजवत आणि चहाला जात.

या संशोधनाला शंभर पिल्लं लागणार होती. दर पिल्लाची तीन चित्रं, सहा-सहा आठवड्यांच्या अंतराने. चित्रावर पिल्लाचं नाव लिहायचं नाही, फक्त नंबर. उगाच एखाद्या पिल्लाची बदनामी नको. नावांची यादी एका पेटीत, आणि पेटीची किल्ली नीती समितीच्या अध्यक्षांकडे. अध्यक्ष म्हणजे कासव. नियम चांगला होता. चांगला नियम केला की पुढे कोणाला विचार करावा लागत नाही, म्हणून तर तो करतात.

नव्याण्णव पिल्लं मिळाली. शंभरावं काही मिळेना. डॉक्टरांना जेवण जाईना.

आणि एके दिवशी लंबकर्णराव आले. लंबकर्णराव म्हणजे जंगलातला मान्यवर ससा. सत्यनारायणापासून शाळेच्या संमेलनापर्यंत पहिल्या रांगेत बसणारा. त्यांच्या काखेत त्यांचा पुतण्या होता, भुरू. भुरूचे आईबाप वणव्यात गेले होते, तेव्हापासून काकाच त्याला सांभाळत. भुरूचा पुढचा पाय लोंबत होता.

"झाडावरून पडला, डॉक्टरसाहेब," लंबकर्णराव म्हणाले. "फार द्वाड आहे."

विभागात टिटवी नावाची सिस्टर होती. तिने मान वर केली.

"ससे कधीपासून झाडावर चढायला लागले, काका?"

"आजकालची पिल्लं, बाई. काय सांगायचं."

टिटवीने भुरूला विचारलं, "कुठल्या झाडावरून पडलास रे बाळा?"

भुरूने काकांकडे पाहिलं. मग म्हणाला, "काकांना विचारून सांगतो."

टिटवी आणखी काही विचारणार होती. पण डॉक्टर तोवर यंत्रापाशी पोहोचले होते. चित्र आलं. पायाचं हाड पिळून मोडलेलं होतं, ओला पंचा पिळावा तसं. डॉक्टर दोन्ही पायांवर उभे राहिले. असं वर्षातून एकदा होई.

"सर, हा पडलेला नाही," टिटवी म्हणाली.

"अर्थातच नाही! शेंबड्या पोरालाही कळेल. काय सुंदर चित्र आहे!"

"मग घरी कसा पाठवायचा?"

"सिस्टर, घरी नाही पाठवला तर दुसरं चित्र कसलं काढणार?"

मग लंबकर्णरावांपुढे संमतीपत्र ठेवलं. चौदा पानांचं. 'पाल्याच्या इजेचा अभ्यास करण्यास पालकाची हरकत नाही,' अशा अर्थाचं काहीतरी त्यात होतं. ज्याने मोडलं त्यालाच विचारायचं, की मोडलेलं बघू का? आणि तो म्हणाला, बघा की. विज्ञानाची सेवा करायला आपण कायम तयार, असंही म्हणाला. भुरूचं नाव पेटीत गेलं आणि भुरू शंभर नंबर झाला.

तुम्ही असले प्रश्न मोठ्यांना विचारू नका हं. तुम्हीसुद्धा झाडावरून पडाल.

सहा आठवड्यांनी लंबकर्णराव सांगितलेल्या दिवशी, सांगितलेल्या वेळी हजर. डॉक्टर म्हणाले, "असे जबाबदार पालक विरळा." या खेपेला भुरू नीट श्वास घेत नव्हता.

"पुन्हा झाडावरून?" टिटवीने विचारलं.

"त्याच झाडावरून," लंबकर्णराव म्हणाले.

चित्रात पाठीकडच्या तीन फासळ्या मोडलेल्या होत्या. दोन ताज्या, एक जुनी, जुळत आलेली. कोणीतरी दोन्ही पंजांनी धरून आवळलं होतं, एकदा नाही, दोनदा. डॉक्टरांनी ते टिटवीला सगळं नीट समजावून सांगितलं. शिकवायची त्यांना आवड होती.

"सर, तिसऱ्या चित्राला हा येणार नाही. मरेल हा."

डॉक्टर जरा गंभीर झाले. "खरंय. नमुना गळण्याचा धोका असतोच. पण मध्येच हात घातला तर निष्कर्ष बिघडतात. आपण निरीक्षक आहोत, सिस्टर. श्वासासाठी आज ठेवून घेऊ. उद्या दुपारी काका घेऊन जातील."

टिटवी ओरडली. पण टिटवीचं काय, ती ओरडतेच. पूर्वी तिचा आवाज ऐकून जंगल सावध होई. नंतर कोणीतरी सांगितलं की तिचं ओरडणं म्हणजे अपशकुन. तेव्हापासून प्राणी संकटाकडे न बघता टिटवीलाच हुसकावतात. हे सोपं पडतं.

ती भुरूचं चित्र घेऊन कोतवालाकडे गेली. कोतवाल म्हणजे तोच काळा, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी. नोकरीही तीच होती. त्याने चित्र उन्हात धरून पाहिलं.

"भयंकर आहे," तो म्हणाला. "कोणाचं पिल्लू?"

"भुरूचं. म्हणजे भुरूच."

"इथं तर शंभर लिहिलंय. शंभर नावाचा ससा आपल्या दप्तरात नाही. नाव असलेलं चित्र आणा, आत्ता उचलतो काकाला."

ती कासवाकडे गेली. कासवाने मान बाहेर काढली, ऐकलं, आणि अर्धी आत घेतली.

"पेटी समितीसमोरच उघडते, बाई. समिती अधिक महिन्यात भरते."

"तो तर तीन वर्षांनी येतो."

"घाई करून नीती पाळता येत नाही. शिवाय नाव उघड करायला पालकाची सही लागेल. काका आहेत ना त्याचे? सही आणा, माझी काही ना नाही."

मुलांनो, टिटवीने यावर काय केलं असेल? तिने खोटं बोलायचं ठरवलं. फार वाईट गोष्ट आहे. तुम्ही करू नका.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती भुरूच्या कानाशी म्हणाली, "मी ओरडायला लागले की मागच्या दाराने बाहेर पडायचं. सरळ नदीकडे. तिथे गोट्यांचं पात्र आहे, त्यात माझं घरटं आहे. अंड्यांशेजारी बसायचं आणि हलायचं नाही. जमेल?"

"दुखतंय," भुरू म्हणाला.

"माहीत आहे. हळू जा. पण जा."

पुढच्या दारात लंबकर्णराव आले आणि टिटवी त्यांच्या पायाशी कोसळली. एक पंख फरफटत, गरगर फिरत, अख्ख्या इस्पितळाला ऐकू जाईल अशी ओरडायला लागली. "मोडला! माझा पंख मोडला!" लंबकर्णराव वाकले. बाकांवरचे सगळे धावले. बगळे डॉक्टरही धावले. मोडलेलं हाड म्हटल्यावर त्यांना राहवेना. त्यांनी तिला तडक यंत्राखाली घातलं.

टिटवी काही संशोधनात नव्हती. त्यामुळे तिच्या चित्रावर नाव, तारीख, वेळ आणि डॉक्टरांची सही, सगळं रीतसर आलं.

"पंख तर शाबूत आहे," डॉक्टर म्हणाले.

"भुरू कुठे आहे?" लंबकर्णराव म्हणाले.

अर्ध्या तासात कोतवाल हजर. त्याने चित्र उन्हात धरलं. "व्वा! पुरावा असावा तर असा." इतके दिवस यंत्र होतं, पण त्या यंत्राने पकडलेला पहिला गुन्हेगार म्हणजे टिटवी. खोटं बोलणं, रुग्णालयात गोंधळ घालणं आणि संशोधनाचं साहित्य पळवणं, असे तीन गुन्हे तिच्यावर लागले. निकालही त्याच दिवशी लागला. बघा, मनात आणलं तर जंगलात कामं किती भराभर होतात. टिटवीला नोकरीवरून काढलं आणि इस्पितळाच्या आवारात ओरडायला कायमची बंदी केली.

लंबकर्णरावांनी पुतण्याला शोधलं. नदीवरही दोनदा येऊन गेले. पण गोट्यांत टिटवीची अंडी कधी कोणाला दिसली आहेत का? करडा भुरू त्यांच्याशेजारी श्वास धरून बसला होता. मोडक्या फासळ्यांनी त्याला श्वास धरायची चांगली सवय लावली होती.

डॉक्टरांचा शोधनिबंध नव्याण्णव पिल्लांवर प्रसिद्ध झाला. शंभराव्यापुढे लिहिलं होतं, 'अज्ञात कारणाने अभ्यास सोडला.' पण त्याच्या फासळ्यांचं चित्र मुखपृष्ठावर होतं. सगळ्यांनी वाखाणलं. तारखा पाळल्याबद्दल लंबकर्णरावांना नीती समितीवर पालकांचे प्रतिनिधी म्हणून घेतलं.

दुसऱ्या वर्षी डॉक्टर नदीवर मासे धरायला गेले. गोट्यांतून एक करडा ससा टिटवीच्या पिल्लांबरोबर पळत होता. चारही पायांवर, जोरात. डॉक्टरांनी चाल ओळखली. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

"शंभर! पायाचं हाड काय सुरेख जुळलंय. तिसरं चित्र हुकलं रे आपलं." मग आशेने त्यांनी विचारलं, "परत कधी झाडावरून पडलास का?"

भुरूने इकडेतिकडे पाहिलं. विचारायला कोणी काका नव्हता.

"नाही, डॉक्टर," तो म्हणाला. "सशांना झाडावर चढता येत नाही."

डॉक्टरांनी वही काढली आणि ते वाक्य टिपून घेतलं. पुढच्या संशोधनाला विषय मिळाला होता.

तात्पर्य : मुलांनो, पिल्लाचं हाड मोडलं तरी ते कधी ना कधी जुळतं. नियम मोडला तर टिटवीसारखी गत होते. तेव्हा कोणाचं पिल्लू विव्हळताना दिसलं तर आधी त्याचा नंबर विचारावा, आणि अधिक महिन्याची वाट पाहावी.