मोज्यातला पाना

मिस्त्रींच्या डाव्या मोज्यात सहा इंची पाना होता, आणि ही गोष्ट त्यांच्या पत्नीस ठाऊक नव्हती. दोन दिवसांच्या त्या शहरसहलीतील सर्व गृहशांती या एकाच विश्वासावर उभी होती.

मिस्त्री म्हणजे नळदुरुस्तीच्या धंद्यात तीस वर्षे मुरलेले गृहस्थ. गळणारा नळ दृष्टीस पडला की त्यांचे चित्त थाऱ्यावर राहत नसे. मागील सहलीत त्यांनी मुक्कामाच्या लॉजमधील नळ कोणी न सांगता दुरुस्त केला होता. परिणामी दुसरा मजला जलमय झाला आणि खालच्या खोलीतील एका नवविवाहित दांपत्यास पलंगावर छत्री उघडून बसावे लागले. तेव्हापासून पत्नीने दंडकच घालून दिला होता. या खेपेस निघण्यापूर्वी तिने त्यांची पिशवी उलटी करून झाडली, सर्व खिसे चाचपले आणि बजावले, "तिकडे कशालाही हात लावायचा नाही. घ्या शपथ!"

मिस्त्रींनी शपथ घेतली. शपथ हाताची होती. पायाविषयी काहीच बोलणे झालेले नव्हते.

सहलीची कल्पना मेहुण्याची. तो शाळेत भूगोल शिकवी. वय अडतीस, अद्याप अविवाहित. आई लवकर गेल्यामुळे मिस्त्रींच्या पत्नीनेच त्याला लहानाचा मोठा केला होता, आणि आजही ताईने भुवई उंचावली तर तो हातातला घास खाली ठेवी. कारखान्याच्या ठोक मालाऐवजी लहान लहान ब्रुअऱ्यांत हाताने बनवलेली उत्तम बिअर आणि तिच्या जोडीला उत्तम जेवण शोधणे, हा त्याचा छंद. त्याने अकरा ठिकाणांची यादी आणली होती. त्यांपैकी एक कायमचे बंद झाले होते, एकाच्या जागी चष्म्याचे दुकान आले होते, एका ठिकाणी बिअर अप्रतिम परंतु खायला केवळ खारे शेंगदाणे, आणि एका ठिकाणी जेवण सुग्रास परंतु बिअरला भिजलेल्या पुठ्ठ्याची चव. दुसऱ्या दिवशी दुपारचे दीड वाजले तरी तिघांच्या पोटात धड काही पडले नव्हते.

"धाकट्या, आणखी किती चालवशील रे?" पत्नी म्हणाली. "यांच्याकडे बघ. कालपासून लंगडतायत."

"बूट चावतोय," मिस्त्री घाईघाईने म्हणाले.

"हे शेवटचं, ताई. हे चांगलंच निघणार," मेहुणा म्हणाला, आणि का कोण जाणे, त्याने रुमालाने मान पुसली.

ते शेवटचे ठिकाण म्हणजे एका जुन्या गोदामातील छोटी ब्रुअरी होती. पुढे सहा टेबले, मागे स्वयंपाकघर आणि मध्ये एका बोळात स्टीलच्या उंच टाक्या. मेहुणा मालकिणीस शोधावयास आत गेला, पत्नी हात धुवावयास गेली, आणि मिस्त्री बोळाच्या तोंडाशी एकटे उभे राहिले. विधिलिखित म्हणतात ते असे.

समोरच्या टाकीच्या माथ्यावरून एक नळी खाली आली होती आणि तिचे टोक पाण्याने भरलेल्या बादलीत सोडलेले होते. बादलीत थांबून थांबून बुडबुडे येत होते. बुडुक. जरा वेळाने पुन्हा बुडुक.

मिस्त्रींच्या अंगाची लाही झाली. दुरुस्ती न करता गळतीखाली बादली लावून ठेवणारी माणसे हे त्यांचे जन्माचे वैरी होते. नळीवर एक कॉक होता, परंतु त्याची मूठ मोडलेली असून नुसता दांडा उरला होता. म्हणजे आळस तर पाहा! मिस्त्रींनी मागेपुढे पाहिले, वाकून मोज्यातून पाना काढला आणि दांडा पकडून कॉक घट्ट बंद केला. बुडबुडे थांबले. त्यांस दोन दिवसांत प्रथमच शांत वाटले. पाना पुनश्च मोज्यात गेला.

टेबल मिळाले ते नेमके त्या टाकीला लागून असलेल्या भिंतीशी. मालकीणबाई स्वतः बिअर घेऊन आल्या. पस्तिशीच्या, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हसऱ्या. तरी पेले ठेवताना त्या मिस्त्रींच्या पत्नीकडे पुन्हा पुन्हा चोरून पाहत होत्या. भाजलेला मासा आला, तव्यावरचा गरम पाव आला, लोण्यात परतलेले बटाटे आले. मिस्त्रींनी पहिला घोट घेतला आणि त्यांचे डोळे आपोआप मिटले. शोध संपला होता.

"बनवता कशी हो ही?" त्यांनी कौतुकाने विचारले. पत्नीचे सारे लक्ष माशाच्या काट्यांत होते.

"धान्याचा गोड रस काढायचा, त्यात यीस्ट घालायचं. ते साखर खातं आणि वायू सोडतं," बाई सांगू लागल्या. "तो वायू नळीतून बादलीत जातो. बादलीत पाणी का, तर बाहेरची हवा आत शिरू नये म्हणून. बुडबुडे येतायत तोवर समजायचं, टाकी सुखात आहे."

मिस्त्रींच्या हातातील पावाचा तुकडा तसाच राहिला.

"आणि समजा," ते म्हणाले, "नुसतं समजा हं, ती नळी बंद झाली तर?"

"अरे बापरे! टाकी फुटेल की! एक नंबरची तर कालच भरलीय, नुसती उसळतेय. एका ओळखीच्यांकडे असंच झालं होतं. टाकीचं झाकण छत फोडून गेलं ते शेजारच्या गल्लीत सापडलं."

"पण सेफ्टी व्हॉल्व्ह असेल ना?"

"कुठला हो! टाक्या जुन्या आहेत, दुधाच्या डेअरीतून घेतलेल्या. बसवायचाय, पण चांगला मिस्त्रीच मिळत नाही," असे म्हणून त्या आत गेल्या.

आपण बंद केलेली टाकी कोणत्या क्रमांकाची, हे मिस्त्रींस ठाऊक नव्हते. त्यांनी बादली पाहिली होती, आकडा नव्हे. त्यांच्या पाठीच्या आणि त्या टाकीच्या मध्ये केवळ एक वीट होती. मानेवरून घामाचा ओघळ निघाला तो थेट कमरेपर्यंत पोहोचला.

"आपण बाहेर बसू या का?" ते म्हणाले. "छान ऊन पडलंय."

"आभाळ भरून आलंय," पत्नी म्हणाली. "गप्प जेवा."

आता सत्य सांगून टाकावे, असे त्यांनी मनाशी ठरविले. इतक्यात मेहुणा त्यांच्या कानाशी लागला. "भाऊजी, एक सांगायचंय. ताईला अजून बोललो नाही. ही... म्हणजे या बाई... आमचं दोन वर्षांपासून ठरतंय. तुम्हाला दाखवायलाच ही सहल काढली. तिनं होतं नव्हतं ते सगळं या टाक्यांत घातलंय. ताईला पसंत पडली तर ठीक. ताई नाही म्हणाली तर... माझ्यात हिंमत नाही, भाऊजी."

बोलावे तर पत्नीचा पारा चढतो आणि मेहुण्याचे लग्न मोडते. न बोलावे तर मेहुणाच उडतो. स्वयंपाकघरात एक पातेले खणखणले आणि मिस्त्री टेबलाखाली अर्धे गेले.

"काय झालं?" पत्नीने विचारले.

"चमचा पडला."

"चमचा तुमच्या हातात आहे."

"जाऊन येतो जरा," असे म्हणून ते उठले. बोळाच्या तोंडाशी आचारी चहा पीत उभा होता. त्याने अत्यंत आदराने त्यांना शौचालयाचा रस्ता दाखविला आणि ते आत जाईपर्यंत जागचा हलला नाही. मिस्त्री परत आले. चार मिनिटांनी पुन्हा उठले. या वेळी मेहुणा काळजीने बरोबर आला आणि दाराबाहेर उभा राहून, "भाऊजी, बरंय ना?" असे दर अर्ध्या मिनिटाला विचारू लागला. मिस्त्री पुन्हा हात हलवीत परतले.

या येरझाऱ्यांचा एक निराळाच परिणाम झाला. मालकीणबाई स्वयंपाकघराच्या फटीतून पाहत होत्या. होणाऱ्या नणंदेचे यजमान, घामाघूम, पोटाशी वाकून, दुसऱ्यांदा शौचालयास! त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्या धावत आल्या आणि मिस्त्रींच्या पुढ्यातील मासा त्यांनी उचलून नेला. मग पाव नेला. मग बिअरसुद्धा नेली.

"अगं, जेवतोय आम्ही!" पत्नी म्हणाली.

"नको, ताई, नको! मी दुसरं आणते," बाई रडवेल्या स्वरात म्हणाल्या आणि आत पळाल्या. मेहुणा त्यांच्यामागे पळाला.

"काल रस्त्यावरचं काहीबाही खाऊनही तुमच्या पोटाला काही झालं नाही, नुसती ढेकर आली होती," पत्नी नवऱ्याकडे रोखून पाहत म्हणाली. "खरं काय ते बोला. कशाला हात लावलात?"

"छे! हात?" मिस्त्री म्हणाले, आणि तिसऱ्यांदा उठून जवळजवळ धावतच गेले.

आता बोळात कोणी नव्हते. टाकी निश्चल उभी होती. त्यांस मात्र ती फुगलेली भासली. त्यांनी पाना काढला आणि डोळे घट्ट मिटून दांडा फिरविला. बुडुक, बुडुक, बुडुक, असा दाटलेला श्वास बादलीत सुटला. मिस्त्रींचाही सुटला.

"काका?"

मागे मालकीणबाई उभ्या होत्या. मिस्त्रींच्या हातात पाना होता, आणि लपवावयास मोजा फार दूर होता.

"मीच बंद केली होती," ते हात जोडून म्हणाले. "मला वाटलं गळतंय. तुमचं अन्न अमृतासारखं आहे हो. माझं पोट धडधाकट आहे. माझं काळीज बिघडलंय."

बाईंनी टाकीवरच्या आकड्याकडे पाहिले. "केव्हा बंद केली होती?"

"पावणेदोनला."

"ही तीन नंबर आहे. हिचं काम संपत आलंय. शेवटचा थोडा वायू आत कोंडला की फेस धरतो, म्हणून हिची नळी मला आज दीडलाच बंद करायची होती. तुम्ही सगळे येणार या धास्तीनं साफ विसरले!" त्या भिंतीस टेकल्या आणि हसू लागल्या. "तुम्ही माझी टाकी वाचवलीत. आता उघडलीत का?"

"हो."

"मग बंद करा परत!"

मिस्त्रींनी कॉक पुन्हा बंद केला आणि पाना मोज्यात सरकविला. तोच पावले वाजली.

"इथे आहात होय!" पत्नी मेहुण्यासह येत म्हणाली. "तुम्ही दुसऱ्यांदा उठलात तेव्हाच मी शोधायला निघाले होते, तर त्या पलीकडच्या कोपऱ्यात पोचले. आणि काय गं बाई, तिथल्या टाकीखाली गळतीला बादली लावलीयस? नुसतं भडाभडा चाललं होतं. मी चांगला जोर लावून बंद केली आणि टेबलाशी परतले. बादल्या लावून संसार होत नसतात."

"तिथली?" बाई दचकल्या. "ती एक नंबर... किती वेळ झाला, ताई?"

"झाली असतील पंधरा मिनिटं."

चौघेही धावले. एक नंबरच्या टाकीतून कण्हल्यासारखा आवाज येत होता. मेहुण्याने कॉकची मूठ धरून ओढली. बाईंनी ओढली. दोघांनी मिळून ओढली. मूठ तसूभरही हलली नाही, कारण ती मिस्त्रींच्या पत्नीने बंद केलेली होती.

पाना हवा होता. मिस्त्री एका पायावर उभे राहून टाकीकडे पाहत, मग पत्नीकडे, मग पुन्हा टाकीकडे. दोहोंत अधिक भीती कोणाची बाळगावी, याचा निर्णय त्यांच्याच्याने होईना.

"अहो, बघताय काय?" पत्नी ओरडली. "काढा तो मोज्यातला!"

मिस्त्रींनी तो काढला आणि सर्व शक्तीनिशी मूठ फिरविली. नळी बादलीतून उसळून नागासारखी उभी राहिली आणि तिच्यातून निघालेला फेसाचा लोट मिस्त्रींच्या पत्नीस आपादमस्तक न्हाऊ घालून मगच शांत झाला. नळी पुन्हा बादलीत पडली आणि बुडबुडे येऊ लागले.

मेहुण्याचा जीव अर्धा झाला होता. "ताई," तो पुटपुटला, "मी तुला सांगणारच होतो..."

"काय सांगणार होतास? काल आणि आज मिळून दहा ठिकाणं फिरलो तेव्हा तुला घाम आला नाही, आणि इथे दारातच आला. मला काय कळत नाही?" ताईने नाकावरचा फेस पुसला, ओठावरचा चाखला आणि क्षणभर विचार केला. मग तिने मालकीणबाईंना नखशिखांत न्याहाळले. "मघाशी नेलेला मासा परत आण बघू. आणि लग्नाआधी या टाक्यांना तो सेफ्टी का काय तो व्हॉल्व्ह बसला पाहिजे. हे बसवून देतील."

मिस्त्रींचा चेहरा उजळला. ते वाकून पाना पुन्हा मोज्यात ठेवू लागले.

"खिशात ठेवा," पत्नी म्हणाली. "आणि तो उजव्या मोज्यातला पेचकसही काढा आता. नीट चालता तरी येईल."